धुराड्यावर कोण चढणार?

निर्धूर चूल का फसली, असं विचारलं की उत्तर तयार असतं. चूल चांगली होती हो, पण बायकांनी धुराडं साफ केलं नाही. सांगणारा मान हलवतो, ऐकणाराही हलवतो आणि चर्चा चहाकडे वळते. निवृत्त अधिकारी हे सांगतात, संस्थांचे कार्यकर्ते सांगतात, आणि ज्यांनी जन्मात चुलीत एक काटकी सरकवलेली नाही असे विद्वान तर आलेख काढून सांगतात. १९८३ च्या अखेरीस सुरू झालेला आणि २००२ मध्ये गुंडाळलेला सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम ही काही किरकोळ गोष्ट नव्हती. सरकारी हिशेबानं देशभरात सुमारे साडेतीन कोटी चुली बांधल्या गेल्या. एवढा मोठा कारभार आडवा पडतो, आणि पंचनाम्यात आरोपी म्हणून नाव कोणाचं? स्वयंपाकघरात बसलेल्या बाईचं.

हे मत अर्धवट मांडून खोडण्यात अर्थ नाही, म्हणून ते पुरतं ऐकून घ्यावं. सरकारनं चूल दिली, बहुतेक पैसेही सरकारनंच भरले. तिला धुराडं दिलं, म्हणजे धूर घराबाहेर काढून दिला. लाभार्थीनं करायचं ते एवढंच होतं, की अधूनमधून पाइपातली काजळी झाडायची आणि बोगद्यातली राख ओढायची. तेवढंही झालं नाही. पाइप तुंबले, धूर परत घरात आला, आणि बायकांनी ती चूल फोडून जुनी तीन दगडांची मांडली. मुळात यांना धुराची सवयच आहे, किंबहुना धूर हवाच असतो. मानसिकता बदलल्याशिवाय तंत्रज्ञान टिकत नाही. आणि आता तर गॅस आला, तेव्हा जाऊ द्या.

गॅसवर नंतर येऊ. आधी ही ‘साफसफाई न करणारी बाई’ कोण, ते पाहू.

चुलीवर रांधणाऱ्या बाईचा दिवस राख काढण्यानं सुरू होतो. कालची राख सुपलीत भरायची, निखारा शिल्लक असेल तर बाजूला ठेवायचा, चुलीच्या तोंडाला आणि ओट्याला शेणामातीचं पोतेरं फिरवायचं, तडा गेला असेल तिथे ओली माती दाबायची. मग दिवसभर भांड्यांच्या बुडाची काजळी त्याच राखेनं घासायची. हे काम रोजचं आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे, आणि त्यासाठी कोणाला कधी जनजागृती मेळावा भरवावा लागलेला नाही. जिच्या घरात चुलीला पोतेरं न लावता विस्तव पेटवणं अशुभ मानतात, तिला साफसफाईचं महत्त्व कळत नव्हतं, हे सांगायला धाडस लागतं. ते कागदावर सहज जमतं.

आता बंब आठवा. तांब्याचा, पोटाला फुगीर, तोटी असलेला. तोही घन इंधनावर चालणारा, आणि धुराडं असलेलाच. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, जाळीवर कोळसा किंवा ढलप्या, आणि नळीभोवती पाणी. वापरानं नळीच्या आतून काजळी धरते, ओढ कमी होते, पाणी तापायला वेळ लागतो. महाराष्ट्रातल्या लाखो घरांत हे बंब कित्येक दशकं चालले. नळ्या तुंबल्या म्हणून बंबांचा कार्यक्रम बंद पडल्याचं कोणी ऐकलं आहे? काठीच्या टोकाला चिंधी गुंडाळून नळीतून दोनदा वरखाली फिरवली की काम झालं. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीआधी तर बंब बाहेरून चिंचेनं लखलखीत आणि आतून मोकळा झालेलाच असायचा. ते काम त्याच बायका करत होत्या, किंवा त्यांनी मागे लागून घरातल्या पोरांकडून करून घेतलेलं असायचं.

मग बंबाची नळी साफ करणाऱ्या हाताला चुलीचा पाइप का झेपला नाही? फरक हातात नव्हता. बंबाची नळी सरळ, हातभर लांब, दोन्ही टोकांना उघडी. वरून डोकावलं की तळाची जाळी दिसते. मैल कुठे आहे ते कळतं आणि तिथपर्यंत काठी पोचते.

बांधीव निर्धूर चुलीत काय होतं? पुढे चुलीचं तोंड, मागे वैल. दोहोंना जोडणारा मातीतला अरुंद बोगदा. वैलाच्या पलीकडे आणखी एक वळण आणि तिथून उभा पाइप. पाइप भिंतीला धरून किंवा कौलांतून वर गेलेला, आणि टोकाला पाऊस आत येऊ नये म्हणून टोपी. धूर या वाटेनं जाताना दोन ठिकाणी जास्तीत जास्त ओझं टाकतो. उडालेली राख वळणाशी बसते. वर पाइप थंड पडतो तिथे धुरातलं डांबर आणि वाफ गोठून काजळीला चिकटतात, आणि टोपीखाली तर काळ्या मधासारखा थर जमतो. वळण मातीत लिंपलेलं, टोपी छपरावर. म्हणजे ज्या दोन जागा साफ करायच्या, नेमक्या त्याच दोन जागी बाईचा हात पोचत नाही. एक उघडायची तर चूल फोडावी लागते, दुसरीसाठी कौलांवर चढावं लागतं.

थर किती जमला तर बिघडतं, याचा हिशेब शाळेतल्या भूमितीचा आहे. पाइप तीन इंची, म्हणजे साडेसात सेंटिमीटर व्यासाचा धरा. आतून सगळीकडे एक सेंटिमीटर काजळी बसली की व्यास उरतो साडेपाच. क्षेत्रफळ काढलं तर मूळ वाटेतली जेमतेम ५४ टक्के शिल्लक राहते. चार इंची पाइपातही तेवढ्याच थरानं तिसरा हिस्सा वाट जाते. आणि चिकट काजळीचा सेंटिमीटरभर थर बसायला ओलं जळण असलेला एखादा पावसाळा पुरेसा होतो. ज्यानं तीन इंची पाइप निवडला त्यानं पाइपाचे पैसे वाचवले, आणि त्याची भरपाई कोण करणार हे मात्र ठरवलं नाही.

ओल्या जळणाचाही दोष बाईच्याच माथी मारला जातो. वाळकी लाकडं वापरा, बारीक फोडून वापरा, असं पत्रकात छापलेलं असायचं. कोकणात किंवा मावळात आषाढात वाळकं सरपण कुठून आणायचं, ते पत्रकात नसायचं. विदर्भात पऱ्हाट्या आणि तुराट्या, मराठवाड्यात गोवऱ्या, उसाच्या पट्ट्यात पाचट आणि चिपाड, डोंगरात जे मिळेल ते. प्रत्येकाचा धूर वेगळा, राख वेगळी, काजळी वेगळी. ओलं लाकूड जळताना विस्तवाची बरीच उष्णता त्यातलं पाणी उडवण्यात जाते. धूर थंडावतो, थंड धुराला वर जायची ओढ राहत नाही, आणि तो जाता जाता पाइपालाच डांबर फासतो. ही रसायनशास्त्राची गोष्ट आहे. हिला मानसिकता म्हणण्यात काय हशील?

आता छपरावर चढण्याचा प्रश्न, कारण खरी मेख तिथे आहे. कौलारू घराच्या छपरावर माणूस वर्षातून एकदा हमखास चढतो. पावसाळ्याच्या तोंडाशी शाकारणी होते. फुटकी कौलं बदलतात, सरकलेली बसवतात, वाशांवरची जळमटं काढतात. चढणारा पुरुष असतो, घरचा किंवा मजुरीवर बोलावलेला. त्याची मजुरी ठरलेली असते, मुहूर्त ठरलेला असतो, आणि शाकारणी झाली नाही तर घर गळतं हे सगळ्या घराला ठाऊक असतं. धुराड्याचं तोंड त्याच्या हाताच्या अंतरावर असतं. काथ्याचा बोळा बांधलेली दोरी, खाली वजनाला दगड, वरून दोन फेऱ्या, आणि पाइप मोकळा. पण चूल बाईची, म्हणून पाइप बाईचा, म्हणून पाइपातली काजळीही बाईची. लुगडं खोचून कौलांवर चढणारी बाई गावाला चालत नाही, आणि कौल फुटलं तर तेही तिच्याच नावावर जाणार. वीस वर्षांच्या कार्यक्रमाची बोलणी सगळी ‘गृहिणी’शी झाली. शाकारणी करणाऱ्याला कोणी ब्रश दिला नाही आणि चार पैसे जास्त देऊ केले नाहीत.

बरं, धुराडं झाडणं हे फावल्या वेळात हात फिरवण्यासारखं काम आहे का? ज्या देशांत शेकडो वर्षं शेगड्या आणि धुराडी आहेत तिथे तो स्वतंत्र धंदा आहे. लंडनच्या धुराड्यांत लहान पोरं घुसवून काजळी खरवडत असत. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकानं अशा कामगारांना होणारा अंडकोशाच्या कातडीचा कर्करोग काजळीमुळे होतो असं दाखवून दिलं. कामामुळे होणाऱ्या कर्करोगाची ती पहिली नोंद मानली जाते. त्यानंतर शंभर वर्षं कायदे होत राहिले आणि मोडले जात राहिले. १८७५ मध्ये जॉर्ज ब्रूस्टर नावाचा पोरगा केंब्रिजजवळच्या एका रुग्णालयाच्या धुराड्यात अडकला आणि मेला, तेव्हा कुठे परवान्याचा कायदा आला आणि पोरांना आत घालणं थांबलं. आज जर्मनीत घरोघरची धुराडी प्रशिक्षित, नोंदणीकृत माणसानं ठरलेल्या मुदतीत तपासून साफ करायची असतात, आणि ते करून घेणं घरमालकावर कायद्यानं बंधनकारक आहे. जर्मन गृहिणी आळशी आहे म्हणून हा कायदा केला, असं अजून तरी कोणी म्हटलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था काजळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवते. आणि आपण त्या काजळीसाठी काय दिलं? एक घडीपत्रिका, तीत पदर खोचून हसणारी बाई. अनेक ठिकाणी तर पाइपच ॲस्बेस्टॉस सिमेंटचा. तो आतून खरवडा, असा सल्ला.

परदेशाचे दाखले नको असतील तर साखर कारखान्याकडे चला. बॉयलर म्हणजे तरी काय, बगॅसवर चालणारी प्रचंड चूल आणि तिचं उंच धुराडं. हंगाम संपला की महिनोन्‌महिने दुरुस्ती चालते. नळ्यांतली घाण काढतात, राख उपसतात, भट्टीच्या विटा बदलतात. १९२३ च्या बॉयलर कायद्यानुसार बॉयलरच्या प्रमाणपत्राची मुदत एका वर्षाहून अधिक नसे. निरीक्षकानं तपासल्याशिवाय पुढचा हंगाम नाही. त्यासाठी कामगार आहेत, त्यांना पगार आहे, अंदाजपत्रकात रकाना आहे. मग मंडप घालून, पूजा मांडून, अध्यक्षांच्या हस्ते अग्निप्रदीपन. गेल्या हंगामात नळ्या तुंबल्या कारण गव्हाणीवरच्या कामगाराची मानसिकता बरोबर नव्हती, असं म्हणून कोणत्या संचालक मंडळानं कारखान्याला टाळं लावलं आहे? कारखान्याच्या चुलीला देखभाल लागते हे ज्या जिल्ह्यातल्या शेंबड्या पोराला कळतं, त्याच जिल्ह्यात घरच्या चुलीची देखभाल मात्र सद्‌गुणावर सोडली जाते.

या मताच्या पाठीराख्यांकडे एक वजनदार पुरावा आहे, तो टाळून चालणार नाही. रेमा हाना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी ओडिशातल्या ४४ गावांत सुधारित चुलींचा काही वर्षं पाठपुरावा केला. धुराडं असलेल्या मातीच्या चुली होत्या. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला, पुढे फरक उरला नाही. चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची डागडुजी झाली नाही, असा निष्कर्ष निघाला. डुफ्लो यांना पुढे नोबेल मिळालं, त्यामुळे तो निष्कर्ष आता वेदवाक्यासारखा फेकला जातो.

फेकणाऱ्यांनी तो वाचावाही. पहिल्या वर्षी धूर कमी झाला, याचा अर्थ काय? नवी आणि मोकळी असेपर्यंत चूल काम करत होती, आणि बायका ती वापरतही होत्या. ‘सवय’, ‘मानसिकता’ हे सगळं त्या पहिल्या वर्षात कुठे गेलं होतं? डागडुजी झाली नाही ही अभ्यासातली नोंद आहे. ती आळसामुळे झाली नाही ही वाचणाऱ्यानं पदरची घातलेली भर आहे. देखभालीचा खर्च बाईनं का उचलला नाही, असं विचारणाऱ्यांनी तो खर्च तिच्यावरच का टाकला, हेही कधी विचारावं.

धुराच्या आवडीचा मुद्दा मात्र मजेशीर आहे. मुंबईकराला लोकलच्या गर्दीची सवय आहे, म्हणून त्याला गर्दी आवडते असं कोणी म्हणत नाही. चुलीपाशी फुंकणी घेऊन बसलेल्या, डोळे पुसत भाकरी थापणाऱ्या बाईबद्दल मात्र ते बिनदिक्कत म्हणता येतं. धुराचे उपयोग असतात, हे खरंच आहे. चुलीवर टांगलेल्या बियाण्याच्या कणसांना धुरी बसली की किडा लागत नाही, वासे टिकतात, पावसाळ्यात चिलटं-डास कमी होतात. धुराड्यानं हे फायदे काढून घेतले, आणि पाइप तुंबल्यावर धूर मात्र पूर्वीसारखाच, किंबहुना चुलीच्या तोंडातून थेट चेहऱ्यावर यायला लागला. म्हणजे जुन्या चुलीचा तोटा कायम, फायदा गेला, आणि दुसऱ्या वैलावर भांडं नसलं की ओढ बिघडायची ती वेगळीच. अशी चूल बाईनं फोडली, तर तिनं हिशेब केला असं म्हणायचं, की ती अडाणी ठरली?

राहता राहिला गॅस. १ मे २०१६ रोजी बलियात उज्ज्वला योजना सुरू झाली, कोट्यवधी जोडण्या दिल्या गेल्या, ही मोठीच गोष्ट झाली, आणि ज्या घरात सिलिंडर परवडतो तिथे त्यानं बायकांचे डोळे वाचवले. पण जोडणी म्हणजे वापर नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ दरम्यान, ग्रामीण भारतातली स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबं ४३.२ टक्के निघाली. उरलेल्या निम्म्याहून अधिक घरांत काय पेटत होतं? उज्ज्वलाच्या लाभार्थ्यांचं वर्षाचं सरासरी पुनर्भरणही २०२२-२३ मध्ये चार सिलिंडरांच्या आतच होतं, आणि त्याच काळात मुंबईत १४.२ किलोच्या सिलिंडरनं अकराशे रुपये ओलांडले होते. ज्या घरात गॅस आहे तिथेही आंघोळीचं पाणी चुलीवर, जनावरांचं आंबोण चुलीवर, लग्नकार्याचा भात चुलीवर. गॅसवर चहा आणि पाहुण्यांचे पोहे. चूल इतिहासजमा झाली, हे फक्त इतिहास लिहिणाऱ्याच्या घरापुरतं खरं आहे.

आणि हा प्रश्न नवाही नाही. वर्ध्याच्या मगनवाडीतून १९४७ च्या सुमारास मगन चूल निघाली. १९५० च्या दशकात हैदराबादमध्ये एस. पी. राजू यांनी धुराड्याची चूल लोकांपुढे ठेवली. महाराष्ट्रात पुढे आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेनं कुंभारांना आणि बायकांना हाताशी धरून ‘लक्ष्मी’सारख्या चुलींचं काम केलं, आणि चूल बांधणाऱ्याचा धंदा उभा राहिला तर चूल टिकेल हे ओळखलं. अशी डोळस कामं सोडली तर बाकी सगळीकडे आकड्यांची शर्यत होती. यश मोजलं गेलं ते बांधलेल्या चुलींवरून. वर्षानंतर किती धुराडी मोकळी आहेत, या प्रश्नाला सरकारी तक्त्यात मानाची जागा कधी मिळालीच नाही.

मग धडा काय घेतला? २ डिसेंबर २००९ रोजी जैवइंधन चुलींचा नवा राष्ट्रीय उपक्रम आला, २०१४ मध्ये उन्नत चूल अभियान आलं, आणि भर पडला तो कारखान्यात बनलेल्या, उचलून ठेवायच्या धातूच्या चुलींवर. त्यातल्या कित्येकींना धुराडंच नाही. बाई धुराडं साफ करत नाही ना, मग धुराडंच नको. ज्वलन चांगलं झालं की धूर कमी होतो, हे बरोबर. पण जो होतो तो आता पुन्हा त्याच चार भिंतींत.

यापुढे कोणी बांधीव चूल वाटणार असेल तर काय करायला हवं, ते फार गहन नाही. वळणाशी हात जाईल असं झाकण ठेवावं, जे फोडावं न लागता काढता-लावता येईल. पाइप रुंद आणि सरळ असावा, टोपी खालून ढकलून सुटेल अशी असावी. वर्षातून दोनदा, शाकारणीच्या वेळी आणि पावसाळा उलटल्यावर, एका प्रशिक्षित माणसानं गावातली सगळी धुराडी झाडावीत, तोंडाला मुसकं आणि हाताला मोजे घालून. त्याची मजुरी चुलीच्या किमतीत पहिल्या दिवसापासून धरलेली असावी. ‘लाभार्थीनं धुराडं नियमित साफ ठेवावं’ हे पत्रकातलं वाक्य खोडून तिथे त्या माणसाचं नाव, त्याचा दर आणि ब्रशची किंमत लिहावी. एवढं लिहायची तयारी नसेल तर चूल वाटू नये. आणि तरीही वाटली, तर दोन पावसाळ्यांनी पाइप तुंबल्यावर अहवाल लिहिणाऱ्यानं आधी स्वतः शिडी लावून वर चढावं, टोपी उचलून आत हात घालून पाहावं, आणि मगच बाईबद्दल काय लिहायचं ते लिहावं.